मी मागितलेल्या वीस व्हीलचेअर

आयुष्यात एकदाच मला कुणी विचारलं, "तुम्हाला काय हवंय ते नुसतं सांगा, आम्ही देतो." नवऱ्यानं असं कधी विचारलं नाही, देवाकडूनही अशी चौकशी आल्याचं आठवत नाही. विचारलं ते एका आयटी कंपनीनं. आणि मी, पस्तीस वर्षं पोरांना 'आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं बजावणारी बाई, ताठ मानेनं म्हणाले, "वीस व्हीलचेअर द्या."

व्हीलचेअर आमच्याकडे होत्या. नव्हता तो मिस्त्रींचा पगार. चार महिन्यांपासून नव्हता.

तेव्हा मी अगदीच कोवळी होते, एकसष्ट वर्षांची. शाळेतून तीनच वर्षांपूर्वी निवृत्त झालेली, गुडघे शाबूत, आणि आपण समाजाचं काही देणं लागतो ही समजूत ताजी. अशा बायका घरात नकोशा होतात, म्हणून संस्थेत जातात. मीही गेले.

संस्था म्हणजे कसबा पेठेतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आमच्या आधी तिथे एका लग्नाच्या बँडवाल्याच्या ढोल-पिपाण्या असायच्या. आम्ही घेतल्यावर तिथे आजारपणाचं सामान आलं. लोखंडी खाटा, पाण्याच्या गाद्या, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, व्हीलचेअर. ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलं असेल त्यानं न्यावं, काम झालं की परत करावं. काम झालं म्हणजे काय, हे आम्ही विचारत नसू. खाट परत आली की चेहऱ्यावरून कळायचं. भाडं नाममात्र, आणि ज्याला जमत नसेल त्याला तेही नाही.

आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी आळीपाळीनं वहीत नोंदी करायचो आणि त्यालाच समाजकार्य म्हणायचो. खरं काम करणारा माणूस एकच, मिस्त्री. मंडईजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पुणं सायकलवर चालत होतं तोवर त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. मग कर्जं स्वस्त झाली, घरोघरी स्कूटर आली, पाठोपाठ चारचाकी आली, आणि मिस्त्रींच्या गाळ्यात मोबाइलची कार्डं विकणारा येऊन बसला. तेव्हापासून ते लोणी काळभोरहून रोज बसनं आमच्याकडे यायचे. परत आलेली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हाताखालून जायची. सुटलेली चाकं, वाकलेले दांडे, झिजलेली रबरं. त्यांनी हात लावला की दहा वर्षांची खुर्ची पुन्हा कुणाच्या तरी आईला उन्हात न्यायला तयार.

त्यांचा पगार द्यायचा न्यू जर्सीतला एक मुलगा. त्याची आई आमच्या खाटेवर गेली होती. त्यानं तेव्हा विचारलं, "काकू, तुमच्याकडे दर महिन्याचा नक्की खर्च कोणता?" मी म्हटलं, "मिस्त्री." तो म्हणाला, "मग तो माझा." इतकं सोपं होतं ते. सोपं होतं म्हणून आम्हाला त्याची किंमत कळली नाही. मोठ्या देणगीदारांची नावं भिंतीवर संगमरवरात होती. या पोराचं नाव कुठेच नव्हतं.

मग अमेरिकेत बँका बुडाल्या. आता अमेरिकेतल्या बँकेचा आणि कसबा पेठेतल्या कमोडच्या खुर्चीचा काय संबंध, असं मीही म्हणत होते. संबंध असा, की त्या मुलाची नोकरी गेली. त्याचं पत्र आलं, माफी मागणारं. वर्षाला चेक पाठवणारे बाकीचेही गप्प झाले. आणि इकडे आमच्या दारात रांग लागली. लोक पेशंटला दवाखान्यातून आठ दिवस आधीच घरी आणू लागले. खोलीचं भाडं परवडेना, त्यापेक्षा घरी खाट बरी. म्हणजे सामान दुप्पट जायचं, दुप्पट मोडून यायचं, आणि ते नीट करणारा माणूस फुकट राबत होता.

पहिल्या महिन्यात मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू हं." दुसऱ्या महिन्यात तेच म्हटलं. तिसऱ्यात मी त्यांची नजर चुकवायला शिकले. चौथ्यात मिस्त्रीच म्हणाले, "बाई, थोरली बारावीला हाय. मला एकांनी गेटवरची नोकरी सांगितलीय. ह्यो महिना बघतो, मग जातो."

"अहो, असं कसं जाल? तुमच्याशिवाय इथे काय उरेल?"

"खुर्च्या उरतील की," मिस्त्री म्हणाले.

म्हणजे वेळ एका महिन्याची होती. आणि त्याच महिन्यात कंपनीचा फोन आला. अशा काळात शहरातल्या संस्थांना हात द्यावा असं त्यांच्या मोठ्या साहेबांच्या मनात आलं होतं. साहेब स्वतः बघायला येणार होते.

एखादी शहाणी बाई काय करेल? म्हणेल, या, बघा, असे हाल आहेत. मी काय केलं, तर साफसफाई. पाहुणे येणार म्हटल्यावर मोडकं झाकायचं, चांगलं मांडायचं, हे आमच्या हाडात. मोडक्या खुर्च्या आतल्या खोलीत कोंबल्या, दाराला पडदा लावला. माझ्याच घरचा, निळ्या फुलांचा. बाहेर रांगोळी काढली. मिस्त्रींकडे बघून म्हटलं, "आजच्या दिवस तुम्ही आत बसता का? नाही म्हणजे, ते ग्रीस, तो रॉकेलचा वास..."

"बसतो की," मिस्त्री म्हणाले, आणि हत्यारांची पेटी उचलून पडद्याआड गेले.

साहेब आले, सोबत एक चुणचुणीत मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. मी त्यांना साजूक तुपातला शिरा दिला. केंद्र कसं छान चाललंय ते अर्धा तास सांगितलं. साहेब भले माणूस होते. सगळं ऐकून म्हणाले, "काळ कठीण आहे. तुम्हाला काय हवंय ते नुसतं सांगा, आम्ही देतो."

त्या क्षणी माझ्या तोंडाशी 'पगार' हा शब्द आला होता, हे मी शपथेवर सांगते. पण पगार मागायचा म्हणजे आम्हाला आमचा माणूस पोसता येत नाही हे परक्यासमोर कबूल करायचं. खुर्ची मागितली की आपण दुसऱ्यासाठी मागतो, त्यात ऐट असते. पगार मागितला की हात पसरल्यासारखं वाटतं. शिवाय शिरा खाऊन झाला होता. शिऱ्यानंतर रडगाणं बरं दिसत नाही.

"वीस व्हीलचेअर द्या," मी म्हणाले.

मुलीनं वहीत लिहून घेतलं. साहेबांनी नमस्कार केला. मी इतकी खूश, की त्या दिवशी रिक्षा करून घरी गेले.

खुर्च्या पंधरा दिवसांत आल्या. आल्या त्या समारंभासकट. फ्लेक्स, फोटोवाला, हार. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर कंपनीचं चिन्ह आणि इंग्रजीत एक वाक्य, अर्थ असा की आम्ही कधी थांबत नाही. ब्रेक बघितल्यावर पटलं. मी भाषणही केलं. 'संकटकाळी धावून येणारे' वगैरे. ते भाषण आता कुणी मला ऐकवलं तर मी त्यांना पैसे देऊन गप्प करीन.

मंडळी गेल्यावर आम्हाला दिसलं, की आत-बाहेर करायला वाट उरलेली नाही. वीस नव्या, अकरा मोडक्या जुन्या. नोंदवही ठेवायच्या टेबलापर्यंत जायला मला एका खुर्चीवरून दुसरीवर गुडघा टेकत जावं लागलं. मिस्त्रींनी त्याच दिवशी पेटी आवरली. त्यांची सगळी हत्यारं त्यांनी मला मोजून दाखवली, म्हणाले, "ही संस्थेची, ही माझी." त्यांची फार थोडी निघाली.

"राहा ना हो," मी म्हटलं. "बघा, इतकं नवीन सामान आलंय."

त्यांनी खुर्च्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चपला घातल्या.

पुढच्याच आठवड्यात एक आजोबा आले. पेठेतलेच, सरकारी नोकरीतून निवृत्त, बायको दोन वर्षांपासून अर्धांगानं आजारी. त्यांच्याकडची आमची जुनी खुर्ची पुढचं छोटं चाक अडकून बसली होती.

"मिस्त्री कुठायत?"

"गेले. पण काळजी नको, ही घ्या, कोरी करकरीत." मी नवी खुर्ची त्यांच्यापुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ती खुर्ची घेऊन परत. कपाळाला घाम.

"बाई, आमच्या न्हाणीघराचं दार चोवीस इंचांचं आहे. तुमची ही करकरीत साडेपंचवीस. मी दार फोडू, का बायकोला दोन इंच बारीक करू?"

मला तोवर हे ठाऊकच नव्हतं. आमच्या सगळ्याच जुन्या खुर्च्या पेठेतल्या दारांतून जायच्या, कारण मिस्त्री प्रत्येक खुर्चीच्या चाकांवरची बाहेरची रिंग, रोग्यानं हातानं फिरवायची असते ती, काढून टाकायचे. ढकलणारं माणूस असलं की ती रिंग लागत नाही, आणि अडीच इंच वाचतात. हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी नोंदी करत होते ना.

"त्यात काय, मी काढते," मी म्हणाले आणि पक्कड घेतली. अर्ध्या तासात दोन नखं तुटली आणि एका बोल्टचं डोकं मी घासून इतकं गोल केलं, की त्यावर पाना धरेना. आजोबा स्टुलावर बसून बघत होते.

"तुम्ही कोणता विषय शिकवायचात?"

"भूगोल."

"वाटलंच," ते म्हणाले.

पण जाताना मात्र त्यांचा आवाज बदलला. "आज तिला उचलून न्यावं लागेल. मी ब्याऐंशीचा आहे. कालही पडता पडता राहिलो." आणि ते रिकाम्या हातानं गेले. वीस नव्या व्हीलचेअरमधून वाट काढत, रिकाम्या हातानं.

त्या दुपारी मी बस पकडून थेट कंपनीत गेले. शहराबाहेर, काचेच्या इमारती, शेतं संपतात तिथे. मनात वाक्यं जुळवली होती: बारा खुर्च्या परत घ्या, त्याऐवजी एका माणसाचा वर्षाचा पगार द्या.

गेटवर निळ्या गणवेशातला रखवालदार पुढे आला, हातात वही. टोपीखालचा चेहरा बघितला आणि माझे पाय थांबले.

मिस्त्री.

"ठेकेदारानं हितं लावलं," ते म्हणाले. "नाव लिवा बाई. कुठनं आलात, कुणाकडं काम, सगळं."

"अहो, तुम्हाला माहीत आहे मी कुठून आले ते!"

"मला माहीत हाय. वहीला न्हाई."

मी नाव लिहिलं. 'कशासाठी' या रकान्यापाशी थांबले. समोर उभ्या असलेल्या माणसाचा पगार मागायला आले, असं त्याच्याच वहीत कसं लिहायचं? 'भेट' असं लिहिलं. त्यांनी मला केबिनमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, माठातलं पाणी दिलं, आत फोन लावला. ज्या हातांना लोखंडाला लागताच त्याचं दुखणं कळायचं, ते हात गाड्यांचे नंबर लिहून घेत होते. संताप आला. आधी कंपनीचा, मग ठेकेदाराचा, मग अमेरिकेचा. स्वतःचा यायला अजून वीस मिनिटं होती.

आत ती वहीवाली मुलगी भेटली. तिचा मजला अर्धा रिकामा होता. टेबलं होती, माणसं नव्हती. माझं सगळं ऐकून ती म्हणाली, "मॅडम, सॅलरी आमच्या पॉलिसीत बसत नाही. वस्तू बसते. म्हणजे फोटो काढता येईल असं काहीतरी."

"मिस्त्रींचा फोटो काढा की. तुमच्याच गेटवर उभे आहेत."

ती कसनुसं हसली आणि एक फॉर्म पुढे केला. पहिलाच प्रश्न: या संकटात आपली संस्था नवीन काय करणार आहे?

"नवीन काही नाही," मी म्हटलं. "आहे ते बंद पडू द्यायचं नाही."

"असं लिहिलं तर पास होणार नाही हो."

मी फॉर्म परत केला. मग ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आजी, खरं सांगू? त्या दिवशी सरांनी एकदम ओपन विचारलं होतं. तेव्हा बजेट होतं. तुम्ही सॅलरी म्हणाला असतात, तर सरांनी एक वर्ष स्पेशल केस करून दिलं असतं. आता सगळं फ्रीझ आहे. आम्हीच उद्या असू का माहीत नाही."

मॅडमची आजी झाले तेव्हाच कळलं, की आता काही मिळत नाही. बाहेर पडताना मिस्त्रींनी वहीत माझी वेळ लिहिली. "झालं काम?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय एकदा लागली की लागली.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या घरी गेले. बायकोला उचलायला मदत केली, मग ओट्याशी उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. शिरा, पडदा, वीस खुर्च्या, गेट. ते मध्ये हसले नाहीत, हेच फार लागलं.

"मिस्त्रींना पगार किती होता?"

मी आकडा सांगितला.

"इतकाच? आणि तेवढा मागायचं सोडून तुम्ही वीस खुर्च्या मागितल्यात?" त्यांनी कपाटातून पासबुक काढलं. "दर महिन्याला माझ्या पेन्शनमधून घ्या. पावतीवर 'मिस्त्रींचा पगार' असंच लिहा. 'विशेष उपक्रम' वगैरे लिहिलंत तर परत घेईन."

"आपलं नाव फलकावर—"

"माझं नाव माझ्या दारावर आहे. तेवढं पुरे."

आता इतक्या वर्षांनी मला यातलं एवढंच कळलंय, की तो न्यू जर्सीचा मुलगा आणि हे तिरसट आजोबा या दोघांनाच देणं जमलं, कारण त्यांनी आमच्या खुर्च्या वापरल्या होत्या. बाकीच्यांनी नुसत्या दिल्या. परवाच्या साथीतही तेच बघितलं. माझ्या नातीनं हौसेनं दाखवलं, एका ठिकाणी ऑक्सिजनची यंत्रं ओळीनं देणगी म्हणून आलेली. मी विचारलं, "बिघडली की कोण बघतं?" ती म्हणाली, "आजी, तू फार निगेटिव्ह आहेस." असेन.

मिस्त्री परत आले, पण पुरते नाहीत. पगार हातात ठेवला तरी गेटवरची नोकरी सोडायला ते तयार झाले नाहीत. "तुमचं आज हाय, उद्या न्हाई," ते म्हणाले. आजोबांच्या पैशांतून मागचे चार महिने हळूहळू चुकते केले, ते त्यांनी मोजून घेतले. रविवारी सुट्टी असायची, त्या दिवशी सकाळी येईन म्हणाले. हप्ताभर मोडणारं सामान एका सकाळीत कसं नीट होणार? झालं नाहीच. पुढे कितीतरी वर्षं आमचं केंद्र रविवारच्या जोरावर लंगडत चाललं.

पहिल्या रविवारी त्यांनी आधी आजोबांची खुर्ची घेतली. अडकलेल्या चाकातून केसांचा आणि लोकरीचा गुंता काढला, दहा मिनिटांत खुर्ची पळायला लागली. मग नव्या खुर्च्यांच्या रिंगा काढायला बसले. एका बोल्टपाशी थांबले.

"हे कुणी केलं?"

"उंदरांनी," मी म्हटलं.

त्यांनी छिन्नी लावली, बोल्ट तोडला, नवा बसवला. मी शेजारी बसून काढलेल्या रिंगा एकात एक रचत होते. निळ्या फुलांचा तो पडदा अजून दाराला तसाच होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी माझी चूकच झाली हो."

त्यांनी मान वर केली नाही. पाना फिरवत म्हणाले,

"बाई, साहेबांनी काय पायजे म्हणून इचारलं, तवा मी पडद्याआड पाना हातात धरून उठून हुभा हुतो. म्हनलं, आता बाई पडदा सारतील."